गाणी लोरेटाची, कागद दुसऱ्याचे

‘कोल मायनर्स डॉटर’ (‘खाणकामगाराची मुलगी’) हे गाणं अमेरिकन कंट्री गायिका लोरेटा लिनने लिहून आणलं तेव्हा ते आत्ता आपण ऐकतो त्याहून तीन-चार कडव्यांनी मोठं होतं. निर्माता ओवेन ब्रॅडलीने त्याला कात्री लावली. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीच्या एका बाजूला मावेल आणि रेडिओवाले कुरकुर न करता वाजवतील, अशी लांबी तीन मिनिटांच्या आसपास होती. गाळलेली कडवी पुढे हरवलीच. रेकॉर्डिंग झालं १९६९च्या ऑक्टोबरमध्ये, टेनेसीतल्या माउंट ज्युलिएटजवळ, ब्रॅडलीच्या ‘बार्न’ नावाच्या स्टुडिओत. त्यानंतर कंपनीने ते वर्षभर बाजूला ठेवलं. १९७०च्या डिसेंबरात ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि लोरेटाची ओळखच होऊन बसलं.

जे उरलं, त्यात काय आहे ते नीट पाहण्यासारखं आहे. बाप रात्रभर व्हॅन लीअरच्या कोळसाखाणीत आणि दिवसा मक्याच्या शेतात खुरपणीला. आई रॉकेलच्या दिव्यात बायबल वाचते आणि धुण्याच्या फळीवर कपडे घासताना तिच्या बोटांतून रक्त येतं. मुलं उन्हाळाभर अनवाणी. थंडीला मात्र प्रत्येकाला कॅटलॉगमधून मागवलेला नवा जोड, आणि त्याचे पैसे डुक्कर विकून आलेले. ‘आम्ही गरीब होतो पण प्रेम होतं’ अशा अर्थाची ओळही गाण्यात आहे, आणि मला तीच सगळ्यांत सामान्य वाटते. तसं कुणीही लिहील. डुक्कर आणि बुटांचा मेळ घालायला मात्र ते घर आतून माहीत असावं लागतं. एका कडव्यात ‘हार्ड’ला ‘टायर्ड’चं यमक जुळवलंय. इंग्रजीच्या वर्गात ते जुळणार नाही. पूर्व केंटकीच्या डोंगरात ‘टायर्ड’चा उच्चार ‘टार्ड’ होतो, तिथे चपखल बसतं. लोरेटाने आपला उच्चार शेवटपर्यंत बदलला नाही आणि शहाण्या ब्रॅडलीने बदलायला लावलाही नाही.

वाद्यमेळाबद्दल थोडं, कारण ही गाणी ‘साधी’ आहेत असं म्हणून लोक पुढे जातात. नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या मुख्य शहरातलं रेकॉर्डिंग सेशन तीन तासांचं असे आणि तेवढ्यात तीन-चार गाणी उरकायची असत. वादक ठरलेले, दिवसाला दोन-तीन सेशन्स वाजवणारे. नोटेशन लिहायला वेळ नाही. म्हणून कागदावर कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सूरसमूहांची, नावं न लिहिता आकडे लिहायचे: १, ४, ५. गायिकेला पट्टी उंच वाटली, तर कागद तोच राहतो, फक्त ‘१’ कुठला ते बदलतं. हार्मोनियमवर काळी चारवरून काळी दोनवर आलं तरी सरगम तीच राहते, तसाच हा प्रकार. ‘कोल मायनर्स डॉटर’मध्ये गाणं चालू असतानाच पट्टी वर चढते. चाल तीच, शब्दांतलं वय मात्र वाढत जातं. पट्टी चढली नसती तर तीन मिनिटं एकाच चालीत कंटाळा आला असता. बँजो आणि पेडल स्टील गिटार आवाजाच्या मागे मागे राहतात. पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार. डाव्या हातात लोखंडी कांडी, पायाखाली पेडल्स, गुडघ्याशी कळा, आणि त्यांनी तारेचा ताण कमीजास्त होऊन मींड निघते. कंट्री गाण्यातला तो रडवा सूर बहुतेक वेळा या वाद्याचा असतो. तो जास्त झाला की गाणं गळेकाढू होतं. ब्रॅडलीला त्याचं प्रमाण कळत होतं.

लोरेटा वेब जन्मली १४ एप्रिल १९३२ला, केंटकीच्या जॉन्सन काउंटीत, बुचर हॉलर नावाच्या डोंगरघळीत. आठ भावंडांत दुसरी. जवळचं व्हॅन लीअर हे कन्सॉलिडेशन कोल कंपनीने वसवलेलं खाणगाव. १० जानेवारी १९४८ला ऑलिव्हर लिनशी लग्न झालं. त्याला सगळे डूलिटल किंवा नुसतं ‘डू’ म्हणत. तो एकवीस वर्षांचा होता. लग्नात आपण तेरा वर्षांच्या होतो असं ती कित्येक वर्षं सांगत आली आणि पुस्तकात-सिनेमात तेच छापलं-दाखवलं गेलं. २०१२ साली कागदपत्रं बाहेर आली तेव्हा कळलं, की तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तेरा काय नि पंधरा काय, विशीपर्यंत पदरात चार मुलं होती, हा त्यातला खरा आकडा.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत, ती गरोदर असताना, दोघं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेले. डू लाकूडतोडीच्या कामावर, ती घरकाम आणि स्ट्रॉबेरी तोडायला. १९५३ साली त्याने तिला सिअर्सच्या दुकानातून हार्मनी कंपनीची १७ डॉलरची गिटार आणून दिली, कारण घरात गुणगुणताना तिचा आवाज त्याच्या कानावर पडत होता. ती स्वतःच वाजवायला शिकली. डू दारू प्यायचा, बाहेर बायका करायचा, हातही उचलायचा. तीही परत मारायची आणि हे तिने कधी लपवलं नाही. पण गिटार त्याने आणली, बारमध्ये गायला त्याने ढकललं, आणि पुढे तिच्या अर्ध्याअधिक गाण्यांना विषयही त्यानेच पुरवला. या नवऱ्याला नुसता खलनायक करून टाकलं तर गाणी कळत नाहीत. नुसता पाठीराखा केलं तर तिच्यावर अन्याय होतो.

पहिली तबकडी निघाली मार्च १९६०मध्ये. वॉशिंग्टन राज्यातल्याच टॅकोमा शहरात एका टीव्ही स्पर्धेत, कंट्री गायक बक ओवेन्सच्या कार्यक्रमात ती गायली. ते पाहून नॉर्म बर्ली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याने झीरो रेकॉर्ड्स नावाची छोटी कंपनी काढली आणि तिला रेकॉर्डिंगसाठी हॉलीवूडला पाठवलं. स्टील गिटारवर स्पीडी वेस्ट होता, म्हणजे त्या काळातला पहिल्या फळीचा माणूस. ‘आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल’ हे गाणं तिचं स्वतःचं.

तबकडी छापणं सोपं असतं, वाजवून घेणं अवघड. तेव्हा कोणतं गाणं लावायचं हे स्टेशनवरचा निवेदक स्वतः ठरवायचा. लोरेटा आणि डूने आधी स्टेशनांना टपालाने तबकड्या आणि फोटो पाठवले आणि मग मोटार घेऊन निघाले. मोटारीतच झोपायचं, पावात बलोनी (सॉसेजचे काप) आणि चीज घालून भूक भागवायची, रेडिओचा मनोरा दिसला की गाडी वळवायची. आत जाऊन निवेदकाला गाठायचं, तबकडी हातात द्यायची आणि तो सुई ठेवेपर्यंत हलायचं नाही. कित्येकदा टपालाने आलेली तबकडी तिथल्याच ढिगाऱ्यात न उघडता पडलेली असे. गाणं बिलबोर्ड या नियतकालिकाच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं. लहान कंपनीचं घोडं इथेच अडतं. गाणं रेडिओवर गाजतं, पण दुकानात माल पोचवणारी साखळी नसते. म्हणून नॅशव्हिल गाठणं भाग होतं.

नॅशव्हिलमध्ये तिला विल्बर्न बंधूंनी, म्हणजे टेडी आणि डॉइल यांनी हाताशी धरलं. त्यांनी तिच्याकडून ‘फूल नंबर वन’ नावाच्या गाण्याचा डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंग, करून घेतला आणि डेका कंपनीत ओवेन ब्रॅडलीकडे नेला. ब्रॅडलीला गाणं आवडलं, पण ते त्याला ब्रेंडा ली या गायिकेसाठी हवं होतं. बंधू म्हणाले, गाणं हवं असेल तर ही मुलगीही घ्या. लोरेटाला डेकाचा करार मिळाला तो असा, गाण्यावर वरकड म्हणून. गाणं ब्रेंडा लीने गायलं आणि १९६१मध्ये ते गाजलं. या धंद्यात गळ्यापेक्षा गाण्याच्या कागदाला भाव आहे, हे तिथेच कळायला हवं होतं. पण खाणगावातून आलेल्या, शाळा लवकर सुटलेल्या बाईला ते कोण समजावणार? समजावायचं काम ज्यांचं, त्यांचाच कागद होता.

विल्बर्न बंधूंची शुअर-फायर म्युझिक ही गाण्यांच्या शब्द-चालीचे हक्क घेणारी प्रकाशन कंपनी होती. कार्यक्रमांची बुकिंग करणारी विल-हेल्म एजन्सीही त्यांच्या भागीदारीतली. १९६३पासून स्वतःचा टीव्ही कार्यक्रम, त्यात लोरेटा दर आठवड्याला. म्हणजे सल्ला देणारे, काम मिळवून देणारे, पडद्यावर आणणारे आणि गाण्याचे हक्क घेणारे, सगळे एकाच घरातले. त्यांनी कामं केली नाहीत असं नाही. डेका त्यांनी मिळवून दिलं आणि टीव्हीमुळे तिचा चेहरा घराघरात गेला. गोम अशी, की करारात तिच्या बाजूने बोलणारा, त्या घराबाहेरचा एकही माणूस नव्हता.

त्या कागदाची किंमत किती, हे आकड्यांत पाहू. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक तबकडीवरच्या ध्वनिमुद्रणाचा, तो कंपनीचा. दुसरा शब्द-चालीचा. अमेरिकेत १९०९च्या कायद्याने शब्द-चालीसाठी दर प्रतीमागे दोन सेंट ठरले आणि १९७७ अखेरपर्यंत ते दोनच राहिले. त्याचे सर्वसाधारणपणे दोन भाग होतात, अर्धा लेखकाचा, अर्धा प्रकाशकाचा. एक लाख तबकड्या खपल्या तर २,००० डॉलर, त्यातले १,००० लेखकाला, १,००० प्रकाशकाला. तबकडीच्या मागच्या बाजूच्या गाण्यालाही तेवढेच मिळतात, ते कुणी ऐको न ऐको. म्हणून मागच्या बाजूला आपल्याच कंपनीचं गाणं घालण्यासाठी प्रकाशकांची धडपड असे. शिवाय रेडिओवर वाजलं की लेखक आणि प्रकाशकाला वेगळे पैसे. गायकाला? अमेरिकेतल्या एएम-एफएम रेडिओवर गायकाला काही मिळत नाही, आजही नाही. गायकाची रॉयल्टी कंपनी देते, पण त्यातून आधी स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन आणि आगाऊ दिलेली रक्कम कापून घेते. लेखनाच्या पैशाला ही कात्री लागत नाही. गाणं दुसऱ्या कुणी गायलं तरी तो येत राहतो. प्रकाशनाचा हिस्सा सोडला, म्हणजे त्यातला निम्मा कायमचा सोडला, आणि गाणं कुठे वापरू द्यायचं हे ठरवण्याचा अधिकारही बव्हंशी गेला.

आता ती गाणी. लोरेटाची उत्तम गाणी कुणाला तरी उद्देशून आहेत. ‘तू’ला म्हटलेली. कंट्रीमधल्या बायका त्याआधीही रडत, पण बहुतेक वेळा स्वतःशी. १९६६चं ‘यू एन्ट वुमन इनफ’ असंच जन्मलं. एका कार्यक्रमाआधी रंगमंचामागे एक चाहती तिला भेटली. नवरा दुसऱ्या बाईला घेऊन आलाय आणि पुढच्या रांगेत बसलाय, असं सांगत रडत होती. लोरेटाने पडद्याआडून त्या दुसऱ्या बाईकडे पाहिलं आणि चाहतीला सांगितलं, की तुझा नवरा पळवण्याइतकी ही बाई काही नाही. तेच वाक्य गाण्याचं नाव झालं आणि गाणं तिथेच कपडे बदलायच्या खोलीत लिहून झालं. गोष्ट चाहतीची आहे, पण गाण्यात बायको थेट सवतीशी बोलते. मधली सगळी माणसं काढून टाकली की दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, आणि भांडणाला तेवढंच लागतं.

बहीण पेगी सूबरोबर लिहिलेलं ‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन’’ १९६७च्या सुरुवातीला तिचं पहिलं एक नंबरचं गाणं ठरलं. दारू पिऊन घरी येऊन अंगचटीला येणाऱ्या नवऱ्याला बायको दारातच हटकते. १९६८चं ‘फिस्ट सिटी’ त्याहून रोखठोक. डूवर डोळा ठेवणाऱ्या बाईला मुठीच्या गावाचा पत्ता सांगितलाय. ‘डिअर अंकल सॅम’ हे १९६६चं, व्हिएतनामला नवरा गेलेल्या बाईचं सरकारला पत्र. विषय नवरा असो, सवत असो की सरकार, मांडणी तीच: समोर कुणीतरी आहे आणि त्याला सुनावायचंय. शब्द रोजच्या बोलण्यातले, कॉर्ड्स तीनच. अलंकार जवळजवळ नाहीत. चाल बोलण्याच्या चढउताराला धरून जाते, म्हणून शब्द ओढूनताणून बसवल्यासारखे वाटत नाहीत. या गाण्यांची नक्कल करणारे इथे फसतात. ठसका उचलतात, पण समोरचा माणूस विसरतात. मग उरतो नुसता आवेश.

‘द पिल’ या गर्भनिरोधक गोळीवरच्या गाण्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की ते तिने लिहिलं. श्रेय लोरीन अ‍ॅलन, डॉन मॅकहॅन आणि टी. डी. बेलेस यांच्या नावावर आहे. १९७२मध्ये रेकॉर्ड झालं आणि कंपनीने तीन वर्षं दाबून ठेवलं. गर्भनिरोधक गोळी १९६०पासून बाजारात होती. तरी वर्षाला एक मूल जन्माला घालून वैतागलेली बायको नवऱ्याला ‘आता खुराड्याचे दिवस संपले’ असं सुनावते, हे कंट्री स्टेशनांना झेपलं नाही. १९७५मध्ये कित्येकांनी ते वाजवायला नकार दिला. कंट्री यादीत ते पाचव्या क्रमांकावर थांबलं, पण पॉप यादीत, जिथे ती सहसा फिरकत नसे, सत्तरावं आलं. सहा मुलांच्या आईने ते गायलं, म्हणून त्याला वजन आलं. लेखक कोण, हे लोकांनी विचारलंच नाही.

हिशेब इथे पुन्हा डोकं वर काढतो. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला लोरेटा विल्बर्न बंधूंपासून वेगळी झाली आणि हक्कांवरून कज्जे सुरू झाले. १९७२मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. म्हणजे कीर्ती शिखरावर, आणि त्याच सुमाराला लेखणी मंदावली. लिहिलं तर कुणाच्या पेटीत पडणार, हा प्रश्न होता. कंट्री यादीत एकट्या तिच्या नावावर अकरा गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांतली तिने लिहिलेली किंवा सहलेखन केलेली चार: ‘डोन्ट कम होम’, ‘फिस्ट सिटी’, ‘कोल मायनर्स डॉटर’ आणि १९७२अखेर आलेलं, घटस्फोटितेकडे गाव कसं पाहतं ते सांगणारं ‘रेटेड एक्स’. त्यानंतरची पाचही दुसऱ्यांची. ‘शीज गॉट यू’ तर तिच्या मैत्रिणीचं, पॅट्सी क्लाइनचं जुनं गाणं. गळा तोच, खपही चांगला, पण सुनावणारी लोरेटा त्यांत कमी ऐकू येते. गायक कॉनवे ट्विटीबरोबरच्या द्वंद्वगीतांनी १९७१ ते ७५मध्ये सलग पाच वेळा पहिला क्रमांक घेतला. ती मला आवडतात, पण तिथे ती उत्तम नटी आहे.

तिच्याहून चौदा वर्षांनी लहान कंट्री गायिका डॉली पार्टनने हीच वाट वेगळी चालली. साठच्या दशकातच तिने मामाबरोबर प्रकाशन कंपनी काढली. १९७४मधलं तिचं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. त्याच्या व्यवस्थापकाने, कर्नल पार्करने, प्रकाशनाचा निम्मा हिस्सा मागितला. डॉली नाही म्हणाली, आणि रात्रभर रडली असं तिने स्वतः सांगितलंय. १९९२मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने गायलं आणि चौदा आठवडे अमेरिकेत पहिलं राहिलं. लेखकाचाही हिस्सा डॉलीचा, प्रकाशकाचाही तिचाच. प्रतिभेच्या बाबतीत मी या दोघींत डावंउजवं करणार नाही. एकीचा मामा तिच्याच बाजूने टेबलाशी बसला होता, एवढा फरक पुरेसा ठरतो.

शुअर-फायरकडचे प्रकाशनाचे हक्क परत मिळावेत म्हणून लोरेटा तीस वर्षं झगडली. ते तिला मिळाले नाहीत. मधल्या काळात आत्मचरित्र आलं, त्यावरून १९८०चा सिनेमा आला, लोरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकने त्यात स्वतःच्या गळ्याने गाऊन ऑस्कर मिळवलं. हरिकेन मिल्स हे टेनेसीतलं आख्खं गावच लोरेटा आणि डूने १९६६मध्ये विकत घेतलं होतं. तिथे १९८२पासून हौशी मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या वाटेवरच्या मोटारसायकल शर्यतींची, राष्ट्रीय स्पर्धा भरते. ती तिच्या नावाने ओळखणाऱ्या कित्येक पोरांनी तिचं एकही गाणं ऐकलेलं नसतं. १९८४मध्ये थोरला मुलगा त्याच जागेवरच्या नदीत बुडून गेला. डू १९९६मध्ये गेला.

आणि मग २००४मध्ये, बहात्तराव्या वर्षी, ‘व्हॅन लीअर रोज’ हा अल्बम. निर्माता जॅक व्हाइट, ‘व्हाइट स्ट्राइप्स’ या रॉक बँडवाला, तिच्या निम्म्याहून लहान. रेकॉर्डिंग पूर्व नॅशव्हिलमधल्या एका घरात. तंत्र मुद्दाम ओबडधोबड, गिटारचा आवाज फाटका, आणि पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात जे आलं तेच ठेवलेलं. काही ठिकाणी व्हाइटची गिटार तिच्या आवाजावर चढते, ते मला खटकतं. ‘पोर्टलंड, ओरेगन’ची सुरुवात तर उगाच लांबवली आहे. पण गाणी तिची. ‘फॅमिली ट्री’मध्ये बायको सवतीच्या दारात जाऊन उभी राहते, बरोबर मुलं, कुत्रा आणि थकलेली बिलं घेऊन. डुक्कर विकून बूट घेणाऱ्या घरातली नजर पस्तीस वर्षांनी तशीच शाबूत. फरक एवढाच, की ‘फिस्ट सिटी’तली बाई हाणायला निघाली होती, ही बिलं दाखवते. बिलं जास्त लागतात. अल्बमला दोन ग्रॅमी मिळाले.

२०१६चा ‘फुल सर्कल’ आणि २०२१चा ‘स्टिल वुमन इनफ’ हे तिचे उशिराचे अल्बम मुलगी पॅट्सी आणि निर्माता जॉन कार्टर कॅश यांच्या हाताखाली झाले. मधे २०१७मध्ये पक्षाघात, त्यानंतर खुब्याचं हाड मोडणं. ४ ऑक्टोबर २०२२ला ती हरिकेन मिल्सच्या घरी गेली, नव्वदाव्या वर्षी. या अल्बमांत तिने जुनी गाणी पुन्हा गायली आहेत. ‘फिस्ट सिटी’ही आहे, ‘यू एन्ट वुमन इनफ’ही आहे. आवाज खाली उतरलाय, शब्द अधिक सावकाश येतात. गाणं पुन्हा गायल्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क नवा तयार होतो, पण शब्द-चालीचा जुनाच राहतो. या नव्या प्रती खपल्या की लेखक म्हणून तिचा वाटा तिच्या बाजूला आणि प्रकाशकाचा वाटा, साठच्या दशकात सही झालेल्या कागदाप्रमाणे, दुसरीकडे.